चौदा ओळी आणि एक कलाटणी



इंग्रजी काव्यातला 'सॉनेट' हा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांना कॉलेजात असताना केव्हातरी भेटलेला असतो. मराठीत त्यालाच आपण 'सुनीत' म्हणतो. सॉनेट म्हणजे काय, असे कुणाही पदवीधराला विचारा. तो झोपेतून उठूनही सांगेल, चौदा ओळींची कविता. आठवण थोडी अधिक शाबूत असली तर तो म्हणेल, तिचे प्रकार दोन, एक पेट्रार्कचा आणि दुसरा शेक्सपिअरचा. मग बोटांवर मोजत यमकांची अक्षरेही म्हणून दाखवील, अ-ब-ब-अ, अ-ब-ब-अ. हे उत्तर चुकीचे नाही. परीक्षेत त्याला गुण मिळतात. कित्येक वर्षे मीच ते देत आलो आहे.

पण एका उत्तरपत्रिकेने माझे डोळे उघडले. ती हकीगत आधी सांगतो. मिल्टनने स्वतःच्या आंधळेपणावर लिहिलेल्या सॉनेटचे रसग्रहण करा, असा प्रश्न होता. एका मुलाने लिहिले होते की, या कवितेची रचना पेट्रार्कच्या पद्धतीची आहे; मात्र कलाटणी नवव्या ओळीपासून यायला हवी, ती कवीने आठव्या ओळीतच आणली आहे; हा रचनेचा दोष होय. उत्तर मुद्देसूद होते, अक्षर सुरेख होते. मी दहापैकी सात गुण दिले आणि गठ्ठा बाजूला ठेवला. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य पुन्हा आठवले, आणि झोप उडाली. ज्याला तो मुलगा दोष म्हणत होता, तोच त्या कवितेचा प्राण आहे. बरे, असे म्हणायला त्याला शिकवले कुणी? मीच! वर्षानुवर्षे मी वर्गात नियम सांगत आलो. नियम कशासाठी, ते सांगायचे राहून गेले.

आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे, असे समजा.

सॉनेटचा जन्म इंग्लंडातला नव्हे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिसिली बेटावर सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा दरबार होता. त्या दरबारात जाकोमो दा लेंतिनी नावाचा एक कवी होता. पेशाने तो नोटरी, म्हणजे दस्तऐवज करणारा, कायद्याचा माणूस. चौदा ओळींचा हा घाट पहिल्यांदा त्याने बांधला, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. पुढे शंभर वर्षांनी पेट्रार्कने या घाटाला सबंध युरोपात कीर्ती मिळवून दिली. १३२७ सालच्या एप्रिलच्या ६ तारखेला आव्हिन्यो येथील एका चर्चमध्ये आपण लॉराला प्रथम पाहिले, असे त्याने स्वतः नोंदवून ठेवले आहे. त्या प्रेमाभोवती गुंफलेल्या त्याच्या संग्रहात ३६६ कविता आहेत, आणि त्यांतली ३१७ सॉनेटे आहेत. एवढ्या वेळा एकच घाट एखादा मोठा कवी हाती घेतो, तेव्हा त्यात काहीतरी सोय असलीच पाहिजे. ती सोय कोणती?

पेट्रार्कच्या सॉनेटचे दोन भाग पडतात. पहिल्या आठ ओळींचे अष्टक आणि नंतरच्या सहा ओळींचे षट्क. अष्टकात दोनच यमके असतात, अ-ब-ब-अ, अ-ब-ब-अ अशी. षट्कात यमके बदलतात. तिथे दोन किंवा तीन नवी यमके येतात आणि त्यांच्या मांडणीत कवीला मोकळीक असते. आता कान काय ऐकतो ते पाहा. आठ ओळीपर्यंत तेच दोन नाद पुन्हा पुन्हा कानावर पडतात. मग नवव्या ओळीला एकदम नवा नाद येतो. नाद बदलला की कानाला वाटते, आता विषयही बदलणार. विचार त्याच जागी वळतो. या वळणाला इटालियन भाषेत 'व्होल्टा' म्हणतात; आपण 'कलाटणी' म्हणतो, आणि तो शब्द मला अधिक आवडतो. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडतात आणि मग उत्तरपक्ष. अष्टक हा पूर्वपक्ष, षट्क हा उत्तरपक्ष. हा घाट एका कायदेपंडिताच्या हातून घडला, हे लक्षात घेतले म्हणजे गंमत वाटते.

हे दोन भाग सात-सात ओळींचे का नाहीत, असे आपण विचाराल. सात-सात केले तर तराजूची दोन्ही पारडी सारखी होतील आणि काटा जागच्या जागी उभा राहील. आठाला सहाने उत्तर द्यायचे म्हटले की उत्तर देणाऱ्याला जागा कमी पडते. त्याला मोजके, नेमके बोलावे लागते. बैलगाडीला घाट चढायला लागणारा वेळ आणि उतरायला लागणारा वेळ सारखा नसतो, तसेच हे आहे. चढण लांब, उतार वेगाचा.

इंग्रजीतले एक चांगले उदाहरण कीट्सचे घेऊ. १८१६ सालचा ऑक्टोबर महिना. कीट्सला एकविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्याच्या मित्राकडे होमरचे चॅपमनने केलेले जुने इंग्रजी भाषांतर आले होते. दोघांनी रात्रभर ते वाचले. पहाटे कीट्स पायी घरी गेला, आणि सकाळी दहाच्या सुमारास मित्र न्याहारीला बसतो तो त्याच्या टेबलावर कीट्सचे सॉनेट येऊन पडलेले! त्याच्या अष्टकात प्रवास आहे. वाचक म्हणून आपण साहित्याचे किती मुलूख हिंडलो, होमरच्या मुलखाचे नाव ऐकले होते पण तिथली हवा चॅपमनमुळेच कळली, हे तो सांगतो. षट्कात प्रवास थांबतो. नवा ग्रह दृष्टीस पडलेला ज्योतिषी आणि डोंगरमाथ्यावरून नवा महासागर पाहणारा दर्यावर्दी, अशी दोन माणसे तो उभी करतो. दोघेही नुसते पाहतात. अष्टकातला फिरस्ता षट्कात स्तब्ध होतो. तो महासागर प्रथम पाहणारा युरोपीय बाल्बोआ होता आणि कीट्सने नाव घातले कोर्तेसचे, ही चूक मात्र इतिहासाच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे पकडली आहे. कवितेला तिने काही धक्का लागलेला नाही.

आता इंग्लंडात सॉनेट कसे आले आणि आल्यावर त्याचे काय झाले, ते पाहू. सर टॉमस वायट हा आठव्या हेन्रीच्या दरबारातला मुत्सद्दी. १५२७ साली तो राजकारणासाठी इटलीत गेला होता. पेट्रार्कची सॉनेटे त्याने इंग्रजीत उतरवली. त्याच्या मागून अर्ल ऑफ सरे आला. या सरेला राजाने १५४७ च्या जानेवारीत देहान्त शासन दिले. वायट त्याआधी १५४२ सालीच वारला होता. दोघांच्या कविता लोकांपुढे पुस्तकरूपाने आल्या त्या १५५७ साली, टॉटल नावाच्या प्रकाशकाच्या संग्रहातून. म्हणजे इंग्रजी सॉनेट रुजलेले पाहायला ते रुजवणारे दोघेही जिवंत नव्हते.

या दोघांना एक अडचण आली, आणि ती भाषेची होती. इटालियन भाषेतले बहुतेक सगळे शब्द स्वरान्त असतात, त्यामुळे यमके मुबलक. इंग्रजीत जुने प्रत्यय झडून गेलेले, शब्द व्यंजनावर येऊन थांबणारे. प्रेमकवितेत सर्वांत लागणारा शब्द 'लव्ह'. त्याला यमक शोधू लागलात तर हाती काय येते? 'डव्ह', 'ग्लव्ह', 'अबव्ह'. पारवा, हातमोजा आणि 'वर'! एवढ्या भांडवलावर एकेक यमक चार-चार वेळा साधायचे म्हणजे ओढाताण आली. सरेने यावर तोड काढली. आठ ओळींत दोनच यमके, हा नियम त्याने सोडला. चार-चार ओळींची तीन कडवी केली, प्रत्येक कडव्याला स्वतंत्र यमके दिली, आणि शेवटी दोन ओळींची द्विपदी ठेवली. अ-ब-अ-ब, क-ड-क-ड, इ-फ-इ-फ, ग-ग. म्हणजे चौदा ओळींत सात यमके, आणि प्रत्येक यमक दोनदाच. ओळीचे वजन मात्र ठरून गेले. ओळीत दहा अक्षरे, आणि आपल्याकडे लघु-गुरूची मोजणी असते तशी तिथे आघाताची. एक अक्षर हलके, एक जोराचे, अशी पाच पावले.

यमकांची टंचाई भागवण्यासाठी केलेली ही तडजोड; पण तिने कवितेचा विचार करण्याचा मार्गच बदलून टाकला. पेट्रार्कच्या घाटात दोन पक्ष समोरासमोर येतात. सरेच्या घाटात तीन पायऱ्या चढायच्या आणि चौथ्या जागी, शेवटच्या दोन ओळींत, निर्णय द्यायचा. शेक्सपिअरने हाच घाट घेतला. त्याची १५४ सॉनेटे १६०९ साली प्रसिद्ध झाली, आणि मूळ बांधणी सरेची असूनही तेव्हापासून तिला नाव लागले ते शेक्सपिअरचे.

शेक्सपिअरचे त्र्याहत्तरावे सॉनेट मिळाले तर जरूर काढून वाचा. बोलणारा माणूस उतारवयाकडे झुकलेला आहे आणि आपल्या प्रिय व्यक्तीशी बोलतो आहे. पहिल्या कडव्यात तो स्वतःला पानगळीतल्या झाडाची उपमा देतो. दुसऱ्यात मावळतीनंतरच्या संधिप्रकाशाची. तिसऱ्यात राखेवर विझत आलेल्या निखाऱ्यांची. वरवर पाहता एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे. पण जरा थांबून पाहा. झाडाच्या उपमेत वर्ष संपते आहे, दुसरीत एक दिवस संपतो आहे, तिसरीत घटकाभराचा विस्तव. काळ कडव्यागणिक आखूड होत जातो. आणखी एक गोष्ट. पानगळीनंतर वसंत येतो, रात्रीनंतर सकाळ होते; विझलेला विस्तव मात्र आपण होऊन पेटत नाही. तिसऱ्या पायरीवर परतीची वाट बंद झाली. मग शेवटच्या दोन ओळींत तो समोरच्या व्यक्तीकडे वळतो, आणि हे सारे दिसत असल्यामुळेच तिचे प्रेम अधिक दृढ होते, असे म्हणतो. तीन कडव्यांचा हा जिना असल्याखेरीज ही कविता अशी घडलीच नसती.

या घाटाचा एक धोकाही आहे, तो सांगितला पाहिजे. शेवटच्या दोन ओळी लागोपाठ यमकाने जुळतात, त्यामुळे त्या सुभाषितासारख्या वाजतात. कवी थकला असला तर बारा ओळी कविता आणि दोन ओळी तात्पर्य, असा प्रकार होतो. खुद्द शेक्सपिअरची काही सॉनेटे या दोषातून सुटलेली नाहीत. स्पेन्सरने कडव्यांच्या सुटेपणावर निराळा उपाय योजला. पहिल्या कडव्यातले एक यमक त्याने दुसऱ्यात नेले, दुसऱ्यातले तिसऱ्यात, वेणीचे पेड घालावेत तसे. पण सात यमकांची जागा पाचांवर आली, आणि ती कसरत त्याच्यामागे फार थोड्यांनी केली.

आता मिल्टनकडे येतो, कारण माझे देणे तिथेच आहे.

१६५२ सालापर्यंत मिल्टनची दृष्टी पूर्ण गेली होती. वय त्रेचाळीस. इंग्लंडात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले होते आणि मिल्टन त्या सरकारचा परराष्ट्र-पत्रव्यवहार लॅटिनमध्ये सांभाळीत होता. 'पॅरडाइज लॉस्ट' अजून व्हायचे होते. आयुष्यात जे महाकाव्य लिहायचे असे तरुणपणापासून मनाशी धरलेले, ते राहिले आणि डोळे गेले. त्या सॉनेटात बायबलमधल्या एका दाखल्याचा संदर्भ आहे. धनी परगावी जाताना चाकरांच्या हाती द्रव्य देतो. दोघे ते वाढवतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो, आणि धनी परतल्यावर त्याला शिक्षा होते. त्या द्रव्याचे नाव 'टॅलेंट'. इंग्रजीत 'अंगचा गुण' या अर्थाचा शब्द याच दाखल्यावरून आला. मिल्टनच्या मनातले भय असे की, आपला गुणही पुरून पडला आणि हिशेब तर द्यावाच लागणार. अष्टकभर हा विचार मनात घोळत राहतो. वाक्य लांबत जाते, पुरे होत नाही. शेवटी तक्रार ओठावर येते की, ज्याने उजेड काढून घेतला तो दिवसाचे काम मागणार काय?

हा प्रश्न पुरा होतो न होतो तोच, आठव्या ओळीच्या पोटात, 'पण' हा शब्द येतो आणि सबुरी बोलू लागते. नियमाप्रमाणे तिने नवव्या ओळीपर्यंत थांबायला हवे होते. ती थांबत नाही. तक्रारीचे उच्चारण होण्याआधीच ती अडवायची आहे. सबुरीच घाई करते, यातली खोच आपल्या ध्यानात आली ना? तिचे उत्तर शांत आहे. ईश्वराला माणसाच्या कामाची गरज नाही. त्याच्या दरबारात धावपळ करणारे आहेत तसे तिष्ठत राहणारेही आहेत, आणि तिष्ठणे हीसुद्धा चाकरी आहे. हे उत्तर जर शिस्तीत नवव्या ओळीला आले असते, तर मिल्टनने प्रश्न विचारला आणि मग त्याला उत्तर मिळाले, एवढेच झाले असते. अर्धी ओळ आधी आल्यामुळे, मनात उसळलेले बंड मनानेच दाबल्याचे आपल्याला ऐकू येते. आणि हे ऐकू कुणाला येते? नवव्या ओळीची वाट पाहणाऱ्याला. नियम माहीतच नसेल तर मोडल्याचे कळणार कसे? माझ्या विद्यार्थ्याने कलाटणीची जागा अचूक ओळखली होती. फक्त ती तिथे का आहे, हा प्रश्न विचारायचा असतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

मिल्टननंतर सॉनेट बराच काळ मागे पडले. १८०२ सालच्या मे महिन्यात एके दिवशी डॉरथी वर्डस्वर्थ आपल्या भावाला मिल्टनची सॉनेटे वाचून दाखवीत होती. वर्डस्वर्थला त्यांनी असे झपाटले की त्याच दिवशी तो सॉनेट लिहू लागला, आणि आयुष्यभरात त्याने पाचशेहून अधिक लिहिली. या घाटाच्या अरुंदपणाविषयीच त्याचे एक सॉनेट आहे. मठातल्या जोगिणी, अभ्यासिकेतले विद्यार्थी, मागावरचा विणकर अशी उदाहरणे देऊन तो सांगतो की, मोकाट स्वातंत्र्याने दमलेल्या मनाला अशा लहानशा जागेत विसावा मिळतो. दुसऱ्या बाजूला, घाट वाकवणारेही झाले. शेक्सपिअरचे एक सॉनेट पंधरा ओळींचे आहे आणि एक बारांचे. मेरेडिथने १८६२ साली मोडत चाललेल्या एका संसाराची कहाणी सोळा-सोळा ओळींच्या पन्नास कवितांत सांगितली. हॉपकिन्सने सॉनेटचे प्रमाण राखून ते साडेदहा ओळींवर आणले. चौदा हा आकडा म्हणजेच सॉनेट, असे मानणाऱ्याने या मंडळींना काय म्हणावे?

शेवटचे उदाहरण विल्फ्रेड ओवेनचे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, एडिंबरोजवळच्या लष्करी रुग्णालयात असताना त्याने रणांगणावर पडलेल्या तरुणांवर सॉनेट लिहिले. अष्टकात नुसता गदारोळ आहे. मेलेल्यांसाठी चर्चच्या घंटा नाहीत, तोफा आहेत. प्रार्थना नाही, बंदुकांची कडकड आहे. षट्कात आवाज थांबतो आणि आपण त्यांच्या गावी येतो. मुलींचे पांढरे पडलेले चेहरे, आणि दर संध्याकाळी खाली ओढले जाणारे खिडक्यांचे पडदे. इंग्लंडात घरी मृत्यू झाला की असे पडदे ओढण्याची रीत होती. म्हणजे रोजची तिन्हीसांज हेच सुतक. या कवितेची आठ आणि सहा ही विभागणी इटालियन आहे, शेवटची द्विपदी इंग्रजी. रणांगण आणि घर समोरासमोर ठेवायला त्याला पेट्रार्कची कलाटणी लागली, आणि पडदा पडायला शेक्सपिअरचा शेवट. ओवेन १९१८ च्या ४ नोव्हेंबरला मारला गेला. युद्ध थांबायला तेव्हा एक आठवडा उरला होता.

आपल्या मराठीत हा घाट केशवसुतांनी आणला. १८९२ सालची 'मयूरासन आणि ताजमहाल' ही त्यांची कविता मराठीतले पहिले सुनीत समजली जाते. ते त्याला 'चतुर्दशक' म्हणत. 'सुनीत' हे नाव पुढे रूढ झाले. 'चतुर्दशक' या नावात फक्त मोजणी आहे, 'सुनीत' मध्ये चांगल्या रीतीने नेणे आहे. नेणे म्हटले की कुठून कुठे, हा प्रश्न आलाच.

म्हणून माझी आपल्याला एवढीच विनंती आहे. पुढे कधी एखादे सॉनेट हाती आले तर ओळी मोजू नका. त्या चौदा असतीलच. ते मोठ्याने वाचा. 'पण', 'तरी', 'म्हणून' असे शब्द कुठे येतात ते पाहा. बोलणाऱ्याचा श्वास कुठे बदलतो, त्या जागी पेन्सिलीने एक बारीक खूण करा. ती खूण नवव्या ओळीवर पडली तर ठीक. तेराव्यावर पडली तरी ठीक. भलत्याच जागी पडली, तर मात्र पुस्तक मिटू नका. कवीला तिथेच का वळावे लागले, ते शोधत बसा.

त्या मुलाचे सात गुण केव्हाच विद्यापीठात पोचले, आता ते बदलता येत नाहीत. तो कुठे असेल, मला ठाऊक नाही. ही पुस्तिका त्याच्या हाती पडली तर त्याने एवढे समजावे की, जागा त्याने बरोबर शोधली होती. चूक शिकवणाऱ्याची होती.